तोडीस तोड

खेळ म्हटला की भांडण आलेच. आमच्या लहानपणी गोट्यांवरून भांडणे होत, विटीदांडूवरून होत आणि क्रिकेटवरून तर रोज होत. आमची गल्ली अरुंद होती. गल्लीच्या टोकाला एका आजोबांचे घर होते. आमच्यातला एक दांडगा मुलगा बॅट फिरवी आणि चेंडू थेट आजोबांच्या गच्चीवर जाई. त्याला सहा धावा मिळत आणि चेंडू मागायला मात्र आम्हाला जावे लागे. दोन दिवस भांडण झाले. तिसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून नियम केला, "गच्चीवर गेला तर आऊट!"

या एका नियमाने आमचे क्रिकेट बदलून गेले. तो दांडगा मुलगा जमिनीलगत फटके मारायला शिकला. आमच्यासारख्या किरकोळ मुलांनाही सामना जिंकण्याची आशा वाटू लागली. गंमत म्हणजे, त्या मुलालाही खेळात जास्त मजा येऊ लागली. रोज आपणच जिंकणार हे ठाऊक असले, की जिंकण्याची चव जाते.

आता आमच्या घरी भांडणे होतात ती संगणकावरच्या खेळावरून. माझे दोन पुतणे, शेजारचा उर्दू शाळेत नववीत शिकणारा मुलगा आणि वरच्या मजल्यावरची त्याच वयाची मुलगी, अशी चौघांची टोळी आहे. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी आमच्या बैठकीच्या खोलीत जमतात, चार संगणक तारेने एकमेकांना जोडतात आणि युद्ध सुरू करतात. दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या बाजूला. मध्ये एक नदी आणि नदीवर एक पूल. ज्या बाजूने पूल जिंकला तिने डाव जिंकला.

या खेळात बंदूक घेऊन पळणे एवढेच काम नसते. लाकूड, माती, पोती असे सामान गोळा करून मोर्चा बांधता येतो आणि त्यावर तोफ बसवता येते. 'मोर्चा' हा शब्द तुम्हाला उर्दूतून ओळखीचा आहेच. आज मराठीत मोर्चा म्हटले की घोषणा देत चाललेली माणसे डोळ्यांसमोर येतात. पण मुळात मोर्चा म्हणजे आडोसा घेऊन शत्रूवर मारा करण्याची जागा. 'गोलंदाज' या शब्दाचेही असेच झाले आहे. गोलंदाज म्हणजे तोफेतून गोळा फेकणारा. मराठीने त्याच्या हातातला तोफगोळा काढून घेतला, चेंडू दिला आणि त्याला क्रिकेटच्या मैदानात उभे केले!

तर, माझा धाकटा पुतण्या मोर्चा बांधण्यात पटाईत. डाव सुरू झाला की तो पुलाच्या तोंडाशी तोफ बसवी. मग पलीकडून कोणीही आला की गारद. दहा वेळा आला तर दहा वेळा गारद. एके दिवशी थोरला वैतागून म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा. हिला काही अर्थ आहे का? खेळातून ही तोफच काढून टाकायला हवी."

"वा रे वा!" धाकटा म्हणाला, "मी एवढी मेहनत करून बांधतो, ती काय उगाच?"

मला दोघांचेही म्हणणे पटले. ज्या तोफेपुढे काहीच इलाज चालत नाही ती तोफ खेळ मारून टाकते, हे खरे. पण ज्याला पळापळ जमत नाही, नेम धरता येत नाही, पण जागा हेरून धीराने काही उभारता येते, त्याच्यासाठीही खेळात काही असायला हवे, हेही खरे. तोफ काढून टाकली तर धाकट्याचे कसबच काढून टाकल्यासारखे झाले असते.

हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. असे खेळ रचणाऱ्यांपुढेही तो उभा राहतो. वाल्व्ह या अमेरिकन कंपनीचा 'टीम फोर्ट्रेस २' हा खेळ २००७ साली निघाला. त्यात इंजिनिअर नावाचे एक पात्र आहे. त्याने बांधलेली यंत्रतोफ जवळ येणाऱ्या शत्रूवर आपण होऊन मारा करते. अशी तोफ सर्वांना भारी पडणार, हे उघड आहे. मग तिला तोड कशी काढली, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, तोफ फुकट मिळत नाही. तिला १३० भाग धातू लागतो. इंजिनिअरला एका वेळी २०० भागच जवळ बाळगता येतो. तोफेची ताकद एक पायरी वाढवायची तर आणखी २०० भाग आणि तिसऱ्या पायरीला पुन्हा २०० भाग. म्हणजे धातू आणण्यासाठी हेलपाटे घालणे आले. दुसरी गोष्ट, तोफेचा पल्ला ठरलेला आहे. पल्ल्याबाहेर उभे राहून तिच्यावर मारा करता येतो. तिसरी गोष्ट, तिला शत्रू आहेत. हेर हा इंजिनिअरच्याच सोबत्याचा वेश घेऊन येतो आणि तोफेला एक उपकरण चिकटवून ती बंद पाडतो. वैद्य आपल्या एका सोबत्याला आठ सेकंदांपुरते अभेद्य करू शकतो. तेवढ्या वेळात तो सोबती तोफेवर चालून जातो. २०१० सालापासून इंजिनिअरला तोफ उचलून दुसरीकडे नेता येऊ लागली. पण वाटेत ती तोफ मारा करत नाही आणि ती वाहणारा इंजिनिअरही लढू शकत नाही. म्हणजे नवी सोय दिली, तिच्यासोबत धोकाही दिला.

दुसऱ्या एका खेळाने वेगळी वाट काढली. २०१८ साली आलेल्या 'बॅटलफिल्ड ५' या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळात वाळूच्या पोत्यांच्या भिंती आणि तोफांचे मोर्चे बांधता येतात. पण फक्त खेळ रचणाऱ्यांनी आधी ठरवून ठेवलेल्या जागांवर. नेमक्या अडचणीच्या तोंडावर कोणी तोफ रोवून बसू नये, याची काळजी आधीच घेता येते.

मी मुलांना एवढेच सुचवले, "तोफ काढू नका. तिला तोड काढा." त्यांच्या खेळात डाव मांडणाऱ्याला काही नियम बदलता येत होते. थोरल्याने लगेच तोफेची किंमत तिप्पट केली. झाले! त्या दिवशी कोणीच मोर्चा बांधला नाही. पूल मोकळा पडला आणि धाकटा रुसून गॅलरीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी किंमत कमी केली. पण त्याच वेळी तोफेचा पल्लाही वाढवला आणि बांधायचा वेळही घटवला. आता कशामुळे काय झाले, हे कोणालाच कळेना.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या मुलीने एक वही आणली. ती म्हणाली, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग पाच डाव खेळायचे आणि कोण जिंकले ते लिहायचे." ही युक्ती उत्तम ठरली. स्वयंपाकात मीठ आणि तिखट एकदम वाढवले, तर भाजी कशाने बिघडली हे कसे कळणार? आठ दिवसांत वहीची चार पाने भरली. तोफेची किंमत थोडी वाढली, ती एका बाजूलाच वळेल असे ठरले आणि पुलाशिवाय नदीत एक उताराची जागा मान्य झाली. आता तोफ भारीच होती, पण तिला वळसा घालून जाता येत होते.

आम्ही नाशिक रोडला राहतो. इथून जवळच देवळालीला भारतीय लष्कराची तोफखाना शाळा आहे. वारा आमच्या दिशेने असला, की सरावाच्या तोफांचा घुमणारा आवाज कधीकधी घरापर्यंत येतो. तोफखाना दलाचे ब्रीद आहे 'सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल'. पहिला शब्द संस्कृत आणि पुढचे शब्द तुमच्या उर्दूतले. दोन भाषा एकाच निशाणाखाली उभ्या आहेत.

आमच्या शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. मुले त्यांना सुभेदारकाका म्हणतात. एकदा ते आमच्याकडे चहाला आले असता मुलांनी त्यांना आपली वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती लक्षपूर्वक वाचली. मग म्हणाले, "तुमची तोफ जे समोर दिसतं त्यावरच मारा करते. खऱ्या मोठ्या तोफेला लक्ष्य बहुतेक वेळा दिसतच नाही. मधे डोंगर असतो. पुढे एक निरीक्षक लपून बसलेला असतो. तो सांगतो, गोळा कुठे पडला, किती डावीकडे, किती पुढे. तो निरीक्षक गेला, की तोफ आंधळी."

"आणि तोफ कुठं आहे ते शत्रूला कळलं तर?" धाकट्याने विचारले.

"आवाजावरून, धुरावरून, आता तर रडारवरून ते कळतंच, बेटा. म्हणून गोळे टाकायचे आणि जागा सोडायची. एकाच ठिकाणी बसून राहिलेली तोफ फार दिवस जगत नाही."

मुलांनी त्याच संध्याकाळी नवा नियम लिहिला. तोफ तीनदा उडाली, की तिची जागा दोन्ही बाजूंच्या नकाशावर दिसेल.

जाताना थोरल्याने सुभेदारकाकांना विचारले, "काका, खऱ्या लढाईत पण दोन्ही बाजूंना सारखी संधी असते का?"

सुभेदारकाका हसले नाहीत. ते म्हणाले, "नाही रे बाळा. लढाईत सारखी संधी कोणालाच नको असते. समोरच्याला संधीच मिळू नये, यासाठी सगळा खटाटोप असतो."

या उत्तरावर मुले बराच वेळ गप्प होती. मला मात्र आमच्या नाशिकजवळची एक जुनी हकीकत आठवली आणि मी ती त्यांना सांगितली.

नाशिकपासून सुमारे १४ किलोमीटरवर, पेठच्या रस्त्याकडे, आशेवाडी गावाजवळ रामशेज नावाचा किल्ला आहे. सह्याद्रीतल्या उंच आणि अवघड किल्ल्यांच्या मानाने हा अगदी साधा दिसतो. भोवती घनदाट जंगल नाही. नाशिकला तेव्हा गुलशनाबाद असेही म्हणत. औरंगजेब बादशहा दक्षिणेत उतरल्यावर १६८२ साली त्याने शहाबुद्दीन खानाला रामशेज घ्यायला पाठवले. हैदराबादचा पहिला निजाम हा याच शहाबुद्दीन खानाचा मुलगा. खानाजवळ मोठी फौज होती, तोफखाना होता. किल्ल्यात संभाजी महाराजांची थोडी माणसे होती. हा किल्ला सहज पडेल, असेच सर्वांना वाटले असणार.

पण किल्ला पडेना. वरून दगडगोळ्यांचा मारा होई. तेव्हा खानाने लाकडाचा एक प्रचंड दमदमा उभारला...

"दमदमा!" शेजारचा मुलगा एकदम म्हणाला, "हा तर उर्दू शब्द आहे. दमदमा म्हणजे तोफा चढवायला केलेला उंचवटा. म्हणजे काका, त्यांनीही मोर्चा बांधला!"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. त्या दमदम्यावर पाचशे माणसे मावत, असे सांगतात. किल्ल्याच्या उंचीचा फायदा मोडून काढण्यासाठी खानाने स्वतःची उंची तयार केली. ही झाली एक बाजू. आता दुसरी बाजू ऐका. किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या. किल्लेदार अनुभवी आणि सावध होता. किल्ल्यात लाकूड होते, कातडी होती, दारू होती. म्हणजे तोफेत भरायची बारूद. त्याच्या माणसांनी लाकडाच्या तोफा केल्या, त्यांना कातड्याची जोड दिली आणि त्या उडवल्या! लाकडी तोफ ती किती टिकणार? पण त्या तोफांनी लोखंडी तोफांचे काम केले. लाकडाच्या दमदम्याला लाकडाच्याच तोफांनी तोडीस तोड उत्तर दिले.

शहाबुद्दीन खान गेला आणि त्याच्या जागी बहादूरखान कोकलताश आला. त्याच्या वेळची एक गमतीची गोष्ट सांगतात. एका मांत्रिकाने खानाला सांगितले, "मला सोन्याचा साप करून द्या. तो हातात धरून मी पुढे चालेन आणि फौज माझ्या मागून बिनधोक किल्ल्यात शिरेल." साप तयार झाला. मांत्रिक ऐटीत पुढे निघाला. इतक्यात वरून गोफणीचा एक दगड सणसणत आला आणि त्याच्या छातीवर बसला. मांत्रिक एकीकडे आणि साप दुसरीकडे!

"हा तर चीट कोड वापरत होता!" धाकटा ओरडला आणि सगळे पोट धरून हसले. खेळातले नियम चुकवून जिंकून देणाऱ्या चोरवाटेला मुले चीट कोड म्हणतात.

रामशेज पाच वर्षांहून अधिक काळ लढला. शेवटी तो मोगलांकडे गेला, तोही तोफेने नव्हे, पैशाने.

हे ऐकून मुलगी म्हणाली, "काका, आपल्या वहीत दमदम्याची किंमत शंभर लाकडं आहे. तिथं खरी लाकडं कोणी वाहिली असतील?"

या प्रश्नाने मी थबकलो. दमदमा उभा राहिला म्हणजे कोठली तरी झाडे तुटली. ती कोणाच्या तरी बैलांनी ओढली, कोणाच्या तरी खांद्यावरून आली. पाच वर्षे फौज तळ देऊन बसली, तेव्हा आसपासच्या शेतांत काय उरले असेल? किल्ल्यावरची आणि किल्ल्याखालची जी माणसे पडली, ती डाव संपल्यावर पुन्हा उभी राहिली नाहीत. आमच्या खेळात बाद झालेला गडी दहा सेकंदांत परत येतो आणि "आता बघतो तुला!" म्हणतो. युद्धात हे म्हणायला कोणी परत येत नाही. म्हणून खेळातल्या तोफेला किंमत ठरवून द्यावी लागते. खऱ्या तोफेची किंमत कोणाच्याही वहीत पूर्ण मावत नाही.

मग खेळात तरी दोन्ही बाजूंना सारखी संधी का हवी? मला वाटते, खेळ संपल्यावर दोन्ही बाजूंना एकाच ताटातले पोहे खायचे असतात म्हणून. ज्याच्याशी उद्या पुन्हा खेळायचे आहे, त्याला आज पार हताश करून चालत नाही.

त्यानंतर मुलांनी वहीत शेवटचा नियम लिहिला. तो शेजारच्या मुलाने सुचवला होता. प्रत्येक दोन डावांनंतर बाजू बदलायची. ज्याने तोफ चालवली त्याने आता तोफेसमोरून पूल ओलांडायचा. या नियमाने सर्वांत मोठे काम केले. तोफेसमोरून एकदा धावल्यावर धाकटा स्वतःच म्हणाला, "हिचा पल्ला थोडा कमी करू या." आणि मोर्च्यात उभा राहिल्यावर थोरल्याला समजले, की पाठीमागून येणाऱ्याची धास्ती किती असते.

रामशेजची ही हकीकत आपल्याला कळते, तीही बरीचशी समोरच्या बाजूमुळे. खाफीखान हा मोगलांच्या पदरी असलेला इतिहासकार. त्याने आपला 'मुंतखब-उल-लुबाब' हा ग्रंथ फारसीत लिहिला. मराठ्यांविषयी त्याला प्रेम नव्हते. तरीही किल्लेदाराची सावधगिरी आणि त्या लाकडी तोफा यांची नोंद त्याने केली. ती गाळून टाकणे त्याला सोपे होते. पण समोरच्याचे कसब त्याने झाकून ठेवले नाही, म्हणून तीनशे वर्षांनंतर आमच्या बैठकीच्या खोलीत चार मुले त्या तोफांविषयी बोलू शकली.

गेल्या थंडीत आम्ही रामशेजवर गेलो. वर वारा भन्नाट होता. खाली शेते दिसत होती आणि दूर नाशिक शहर. दमदमा कोठे उभा असेल, यावर चौघांत लगेच वाद सुरू झाला. थोरल्याने एक जागा दाखवली, मुलीने दुसरी. मग शेजारचा मुलगा म्हणाला, "असं वरून नाही कळणार. आधी खाली उतरून, तिथून किल्ल्याकडे बघायला हवं." आणि चौघेही दगडी पायऱ्या उतरू लागले.

स्वाध्याय

१. 'गच्चीवर गेला तर आऊट' या नियमामुळे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कोणता बदल झाला?
२. धाकट्याच्या तोफेबद्दल दोन्ही भावांचे म्हणणे लेखकाला का पटले?
३. रामशेजच्या किल्लेदाराने लोखंडी तोफांची उणीव कशी भरून काढली?
४. 'खऱ्या तोफेची किंमत कोणाच्याही वहीत पूर्ण मावत नाही.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. मोर्चा, गोलंदाज, दमदमा, किल्ला, फौज : हे शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात? मराठीतल्या अर्थाशी तुलना करा.
६. तुमच्या एखाद्या आवडत्या खेळात दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळावी म्हणून तुम्ही कोणता नियम कराल? आठ-दहा ओळी लिहा.